तीन महिन्यांचा नियम



गेल्या रविवारी अभिषेक झाल्यावर आम्ही चौघीजणी मंदिराच्या पायरीवर टेकलो होतो. त्यातल्या एक बाई माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्हाला शुगर होऊन इतकी वर्षं झाली. पथ्य कसं हो निभावता? माझा महिनाभर जोर असतो, मग मन उडतं आणि सगळं सुटतं." बोलताना त्या सारख्या मागे बघत होत्या, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.

तिथे मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. त्या वाचतीलच, आणि आपल्या घराघरांत अशा अनेकजणी आहेत, त्याही वाचतील. आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भारतात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. इतक्या लोकांना जे झालंय ते लपवायचं कशाला?

आधी माझीच गोष्ट सांगते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी उदगीरला रक्त तपासलं, तेव्हा उपाशीपोटीची साखर 186 आली आणि एचबीएवनसी 8.4. माझ्या आईला हाच आजार होता. शेवटी तिच्या पायाचं बोट काढावं लागलं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. घाबरून त्याच संध्याकाळी मी देवापुढे हात जोडले आणि ठरवलं, आजपासून गोड बंद, भात बंद, कायमचं.

दोन महिने अगदी कडक पाळलं. मग लातूरला भाच्याचं लग्न आलं. पंगतीत एक जिलेबी घेतली. "मोडलंच आहे तर आता काय" असं म्हणत दुसरी घेतली, आणि पुढे ती लग्नसराई संपेपर्यंत मी काहीच पाळलं नाही. पुढच्या तपासणीत एचबीएवनसी 9.1 झालं होतं. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि मी घरी येऊन रडले. माझ्यात मनोबलच नाही, असं वाटायला लागलं.

त्या चातुर्मासात स्वाध्यायात 'रत्नकरंड श्रावकाचार' चालू होतं. आचार्य समंतभद्रांनी त्यात भोगोपभोग परिमाण व्रत सांगताना त्यागाचे दोन प्रकार केले आहेत, नियम आणि यम. ठरावीक काळापुरता त्याग तो नियम, आणि जन्मभराचा तो यम. नियमाची मुदत एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, दोन महिन्यांचा ऋतू किंवा सहा महिन्यांचं अयन अशी कितीही असू शकते. ही गाथा मी आधीही ऐकली होती. पण त्या दिवशी माझी चूक माझ्या लक्षात आली. भीतीच्या भरात मी यम घेऊन बसले होते. माझी ताकद नियमाची होती.

माझं मत असं झालं आहे की शुगरचं पथ्य मोडतं ते आपण आळशी आहोत म्हणून नव्हे. "आता जन्मभर हे नाही खायचं" या विचारानेच मन थकतं. एका जन्माचं ओझं कुणाला उचलवेल? पण आज चतुर्दशी, पुढच्या अष्टमीपर्यंत अमुक नाही, हे आपण लहानपणापासून करत आलो आहोत. दशलक्षणात दहा दिवस एकाशन करणाऱ्या बायका पथ्याच्या बाबतीत "मला जमत नाही" म्हणतात, याचं मला नवल वाटतं. जमतं की! फक्त आपण ते खातं वेगळं ठेवलं आहे.

तेव्हापासून मी तीन महिन्यांचा नियम घेते. तीनच का, तर एचबीएवनसी ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, त्यावरून ती निघते. मी बी.कॉम. केलेली बाई, माझ्या भाषेत सांगायचं तर सकाळची बोटाची साखर हा रोजमेळ आणि एचबीएवनसी हा ताळेबंद. एका दिवसाच्या गल्ल्यावरून दुकान नफ्यात आहे की तोट्यात, हे कळत नाही. एके दिवशी आकडा चढला म्हणून हातपाय गाळायचे नाहीत आणि एके दिवशी उतरला म्हणून पेढा खायचा नाही.

नियमही एका वेळी दोनच घेते. पहिल्या खेपेला घेतले ते असे: चहात साखर नाही, आणि ताटात भाकरी एकच. आपल्याकडे समजूत आहे की ज्वारीची भाकरी शुगरला चालते, म्हणून कितीही खावी. ज्वारी चांगली आहे, पण तीही धान्यच आहे. तव्याएवढ्या दोन भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. गूळही साखरेचाच भाऊ. आपल्या व्रताचं नावच 'परिमाण' आहे, म्हणजे माप. शुगरचं अर्धं पथ्य त्या एका शब्दात आलं.

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून त्यांनी सांगितलेली पद्धत घरोघरी पोचली. खरी भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं आणि रोज 45 मिनिटं चालायचं. सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. यावर वादही झाले, थोडं थोडं आणि अनेकदा खा असं सांगणारेही जाणकार आहेत. त्यात कोण बरोबर हे ठरवायला मी काही डॉक्टर नाही. पण ही पद्धत इतक्या लोकांनी का उचलली, याचं कारण मला दिसतं. त्यात वजनकाटा नाही, कॅलरीचं गणित नाही, एक सीमा आहे आणि ती लक्षात राहते. आपल्या श्वेतांबर बहिणींचं बियासन म्हणजे दोन वेळा बसून जेवणंच की. आपलं एकाशन आणि रात्रिभोजन त्यागही याच घरातले.

ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाचा एक मोठा प्रयोग झाला. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतल्या आणि इन्सुलिनवर नसलेल्या लोकांचा आहार आधी खूप कमी केला आणि नंतर हळूहळू नेहमीचं जेवण सुरू केलं. वर्षाअखेर त्यातल्या 46 टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. दोन वर्षांनी हा आकडा 36 टक्क्यांवर आला. मला दोन्ही आकडे महत्त्वाचे वाटतात. आहाराने खरोखर फरक पडतो, हे पहिला सांगतो. आणि तिथे जाणकारांची देखरेख असूनही टिकवणं अवघड गेलं, हे दुसरा सांगतो. तेव्हा आपलं मन डळमळलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता आपल्या घरातल्या अडचणी. त्या कुठल्या तक्त्यात छापलेल्या नसतात.

पहिली अडचण आग्रहाची. "डॉक्टरांनी नको सांगितलंय" म्हटलं की वाढणारी म्हणते, "एका घासाने काय होतंय?" पण "माझा नियम आहे" म्हटलं की तीच बाई पळी मागे घेते आणि वर हात जोडते. हे मी कितीतरी वेळा अनुभवलं आहे. तेव्हा नियम घ्या आणि तसं सांगा. आणि वाढणाऱ्या मैत्रिणींनो, डॉक्टरांच्या शब्दालाही तेवढाच मान द्या.

दुसरी अडचण उरलेल्या अन्नाची. अन्न टाकू नये हा आपला संस्कार, म्हणून रात्र व्हायच्या आत पातेल्यातला शिरा संपवायची जबाबदारी घरच्या बाईवर येते. बरीच वर्षं मी हे पुण्य समजून केलं. आता वाटतं, गरज नसताना माझ्या पोटात टाकणं हेही टाकणंच. मी माप कमी केलं. सूनबाई आधी नाराज झाली, "पाहुण्यांना कमी पडलं तर?" म्हणाली. अजून तरी कुणी उपाशी गेलेलं नाही.

तिसरी अडचण तिथीची. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, कंदमूळ तर कधीच नाही. मग ताटात काय उरतं? पोळी, भात, बेसनाचं काहीतरी, पापड. म्हणजे तिथीच्या दिवशी आपण नकळत जास्त पीठ खातो. मी त्या दिवशी मुगाचं धिरडं, तुरीचं घट्ट वरण, उसळ हे पोटभर घेते आणि धान्य कमी करते. आपल्या लातूरची डाळ सगळीकडे जाते, मग आपल्याच ताटात ती पातळ का? एकदा मी वहीत मांडून पाहिलं. पोह्यांनंतर दोन तासांनी साखर 212, धिरड्यानंतर 158. तुमचे आकडे वेगळे येतील, पण तुमचे तुम्ही मांडा. वेळा अमावस्येला शेतात जाल तेव्हाही असंच करा. भज्जी आपल्या पद्धतीने बनवलेली असेल तर मनसोक्त खा, खीर मात्र वाटीने मोजा.

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. ही वगळून बाकीचं वाचू नका.

चार वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीला मी निर्जळ उपवास केला. सकाळची गोळी सवयीने घेतली आणि डॉक्टरांना काही विचारलं नव्हतं. दुपारी जिना चढताना दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, समोरचं पुसट दिसायला लागलं. नात धावत साखरपाणी घेऊन आली. आणि मी काय केलं? तोंड घट्ट मिटलं, व्रत मोडेल म्हणून! ती पोर रडायला लागली, "आजी, घे ना गं." तेव्हा मी प्यायले. नंतर मोजलं तरी साखर 70 च्या खालीच होती. काही गोळ्या, जसं ग्लिमेपिराइड, आणि इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर असं होतं, आणि त्यात माणूस जाऊही शकतो. असं वाटलं की तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. दिवस असो की रात्र. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. व्रताचं प्रायश्चित्त नंतर घेता येतं.

म्हणून पर्व यायच्या आधी महिनाभर डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट सांगा, "मी सूर्यास्तानंतर जेवत नाही. थंडीत माझं जेवण सहाच्या आत होतं." आपण हे सांगतच नाही, आणि ते आठ वाजता जेवण धरून रात्रीची गोळी लिहून देतात. माझ्या डॉक्टरांनी ऐकून वेळ बदलली, गोळीही बदलली. नऊवार माहीत नसलेल्या शिंप्याला माप न सांगता कापड देतो का आपण? दोन वेळच्या जेवणाचं मनात असेल तरी तेही विचारूनच. उपवास झेपत नाही असं डॉक्टर म्हणाले तर रसपरित्याग आहे. दूध, दही, तूप, तेल, मीठ, गोड यातला एखादा रस सोडायचा. तेही बाह्य तपच आहे. आपल्याला तर गोडाने सुरुवात करायची आयती संधी!

कुणी म्हणेल, शुगरसाठी धर्म वापरता का? हा प्रश्न मलाही पडला. मी याला तप म्हणत नाही आणि याचं पुण्यही मागत नाही. फक्त नियम घेण्याची, मोजून खाण्याची आणि चूक झाली तर कबूल करून पुन्हा उभं राहण्याची जी शिस्त आपल्याला मिळाली आहे, ती स्वयंपाकघरात आणली, एवढंच.

कारण नियम मोडतोच कधीतरी. माझा गेल्या दिवाळीत मोडला, दोन करंज्या खाल्ल्या. पूर्वी मी तिथून सगळंच सोडून दिलं असतं. या वेळी वहीत लिहिलं, आलोचना केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बिनसाखरेचा चहा घेतला. उरलेल्या मुदतीचा नियम तसाच चालू राहिला. क्षमावाणीला आपण जगाची क्षमा मागतो, स्वतःला मात्र एका करंजीसाठी वर्षभर क्षमा करत नाही.

आज माझं एचबीएवनसी 6.9 आहे, एका गोळीवर. बरी झाले असं मी म्हणणार नाही. पण गेल्या सहा वर्षांत ते 7.5 च्या वर गेलेलं नाही, आणि आईचं वय गाठताना माझ्या पायाची दहाही बोटं शाबूत आहेत.

तेव्हा पायरीवरच्या माझ्या मैत्रिणी, मन लागायची वाट पाहू नका. येत्या अष्टमीला मंदिरात या. एकच छोटा नियम घ्या, शेवटची तारीख ठरवा आणि ती कॅलेंडरवर लिहा. मीही त्याच दिवशी माझा नवा नियम घेणार आहे. तीन महिन्यांनी दोघी मिळून उदगीरला रक्त तपासायला जाऊ. आणि हो, येताना मोठ्याने बोला. कुणी ऐकलं तर ऐकू दे. कदाचित तिलाही विचारायचं असेल.

जय जिनेंद्र.