एलीला का घालवलंत? दिग्दर्शक मॅथ्यू वॉन यांना खुले पत्र

श्री. मॅथ्यू वॉन यांना,


तुमचा 'आर्गाइल' पाहून घोर निराशा झाली. दुसऱ्या कुणाचा असता तर विसरूनही गेलो असतो. पण तुमच्याच २०१४ च्या 'किंग्जमन'मध्ये कॉलिन फर्थ पबची दारं शांतपणे बंद करत जातो, तेव्हा हाणामारी सुरू व्हायच्या आधीच हसू फुटतं. अंगात उंची सूट, हातात छत्री, समोर दांडगट पोरं, आणि या गृहस्थाचा आवाजही चढत नाही. तो विनोद माणसाच्या स्वभावातून आला होता.

'आर्गाइल'मध्येही असं माणूस तुमच्या हाती होतं. ब्राइस डॅलस हॉवर्डची एली कॉनवे. हेरकथा लिहिणारी, मांजरावर जीव टाकणारी, विमानाचा धसका घेतलेली. म्हणून ती आगगाडीने निघते. समोर सॅम रॉकवेलचा गबाळा, दाढीवाला एडन येऊन बसतो आणि डब्यात मारामारी जुंपते. एलीची पापणी लवली की एडनच्या जागी तिच्या कादंबरीतला रुबाबदार हेन्री कॅव्हिल. पुन्हा लवली की एडन! कादंबरीतला हेर आणि खराखुरा हेर यांच्यातलं अंतर तिच्या भेदरलेल्या डोळ्यांनी आपण पाहतो. इथे मी पोटभर हसलो.

मग तुम्ही एलीच काढून घेतलीत. ती म्हणे स्मृती गेलेली हेर रेचेल काइल; आईवडील खोटे, कादंबऱ्या म्हणजे तिच्याच आठवणी. पहिला धक्का बसतो. पुढचे बसत नाहीत. कोण कुणाच्या बाजूचं हेच सतत बदलणार असेल, तर फजिती झाली कुणाची आणि हसायचं कुणाला? शेवटाकडे सांडलेल्या तेलावर ती बुटांना सुऱ्या लावून स्केटिंग करत माणसं आडवी करते. कल्पना भन्नाट आहे. पण तिथे घाबरट एली असती, तोल सावरत, जीव मुठीत धरून, तर थिएटर दणाणलं असतं. रेचेलला काहीच अवघड नाही, म्हणून आपण नुसते बघत राहतो.

मांजराचंही तेच केलंत. तुमच्या घरचं जिवंत मांजर हाताशी असताना धावपळीच्या दृश्यांत संगणकावरचं आणलंत. मांजर पुढच्या क्षणी काय करेल याचा नेम नसतो, गंमत तीच. संगणकातलं मांजर सांगितलं तेवढंच करतं.

पैसा कमी नव्हता. ॲपलने सुमारे २० कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या. चित्रपटगृहांतून जगभरात १० कोटीही आले नाहीत. दुआ लिपासारखं नाव घेतलंत आणि ग्रीसमधल्या पाठलागानंतर तिला जवळपास विसरलात.

शेवटच्या श्रेयनामावलीत तुम्ही पुढच्या गोष्टीची चाहूल दिली आहे. ती काढाल तेव्हा रहस्याचे चार धक्के कमी करा, आणि रॉकवेल व ब्राइस डॅलस हॉवर्ड यांना एका खोलीत दहा मिनिटं नुसतं भांडू द्या. दोघंही कसलेले नट आहेत.

आपला,
एक प्रेक्षक