खाते म्हणजे दफ्तर नव्हे

१/ “विंडोज असो, मॅक असो वा लिनक्स, ब्राउझर उघडा आणि लिहा. मराठी लेखन आता मुक्त झाले!” हे कौतुक इतिहासप्रेमी तरुणांच्या तोंडीही वारंवार ऐकू येते. प्रस्तुत धागा त्या कौतुकाविरुद्ध आहे. सोयीला आमचा विरोध नाही. सोयीलाच स्वातंत्र्य म्हणण्याला आहे.

२/ प्रथम श्रेयाचा हिशेब. १९९०च्या दशकात कोपरीतील एखाद्या गृहनिर्माण संस्थेने आपला वार्षिक अहवाल डीटीपी केंद्रात करून घेतला, असे समजा. त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टांत संकेतांक रोमन अक्षरांचे असत आणि त्यांवर देवनागरी आकार चढवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अहवालाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसत.

३/ हे कुलूप ब्राउझरने तोडलेले नाही. ते युनिकोडने तोडले. १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे संकेतांक मिळाले. पुढे विंडोज २००० सोबत ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट घरोघरी पोहोचला. त्याचे रचनाकार होते मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केलेले कवी आणि सुलेखनकार रघुनाथ कृष्ण जोशी. किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

४/ कोपरीत फाळणीनंतर सिंधी कुटुंबे वसली. सिंधी भाषा देवनागरीत लिहायची, तर ॻ, ॼ, ॾ, ॿ ही चार अक्षरे हवीत. २००६च्या युनिकोड ५.० पर्यंत ती संचात पूर्ण झाली. आज एकाच पानावर मराठी व सिंधी सुखाने नांदतात, ते या सामायिक प्रमाणकामुळे. कोणा एका कंपनीच्या औदार्यामुळे नव्हे.

५/ मग ब्राउझरचे कर्तृत्व कोणते? पान पुन्हा न उघडता मागच्या मागे सर्व्हरशी बोलण्याची युक्ती. गंमत अशी की, ही युक्ती १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच आपल्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आणली. आउटलुकची टपाल ब्राउझरमध्ये वाचता यावी म्हणून. ज्या कंपनीचे साम्राज्य संगणकावर बसवायच्या ऑफिसवर उभे होते, तिनेच वेशीची किल्ली घडवली.

६/ २००५ मध्ये रायटली आणि चेन्नईस्थित कंपनीचे झोहो रायटर अवतरले. २००६ मध्ये गूगलने रायटली विकत घेतले. त्यातून गूगल डॉक्स उभे राहिले. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टलाही आपले ऑफिस ब्राउझरमध्ये आणावे लागले. कोणती कार्यप्रणाली वापरता, हा प्रश्न बराचसा गौण झाला. हा विजय खराच आहे. तो नाकारणे कोतेपणाचे ठरेल.

७/ परंतु कुलूप नाहीसे झाले नाही. यंत्रावरून निघून ते खात्यावर लागले. संगणकाच्या ड्राइव्ह फोल्डरात दिसणारी गूगल डॉक्सची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून पाहा. तिच्यात तुमचा मजकूर नसतो. मजकूर जिथे आहे तिथला केवळ पत्ता असतो. आपण ज्याला दस्तऐवज समजून जपतो, ती निव्वळ चिठ्ठी असते.

८/ आता इतिहासाच्या तराजूत तोलू. पेशवाई १८१८ मध्ये संपली. पेशवे दफ्तरातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली ४५ खंडांत प्रसिद्ध झाले ते १९३०च्या दशकात. शतकाहून अधिक काळ लोटला तरी कागद शिल्लक होते. याउलट, सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्यांतील मजकुरासह काढून टाकता येतील, असे गूगलचे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. दफ्तराने शंभर वर्षांचे मौन सोसले. खाते दोन वर्षांचे सोसेलच, याचीही हमी नाही.

९/ आक्षेप येईल: कागदाला वाळवी लागते, पुरात तो भिजतो, घर बदलताना रद्दीत जातो. मान्य. म्हणूनच तर आपले पूर्वज नकला करून ठेवत! दुसरा आक्षेप: मग स्वदेशी सेवा वापरा. अवश्य वापरा, पण कुलपाचा मालक आपल्या देशातला असला, म्हणून किल्ली आपल्या हाती येत नाही.

१०/ किल्ली असते मुक्त प्रमाणकांत. ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणक झाला. मायक्रोसॉफ्टच्या प्रतिस्पर्धी स्वरूपाला २००८ मध्ये तीच मान्यता मिळाली, तेव्हा भारताने विरोधी मत दिले होते. २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी मुक्त प्रमाणकांचे धोरणही जाहीर केले. दिशा ठरलेली आहे. चालायचे आपण विसरलो.

११/ म्हणून मागणी साधी आहे. कोपरीतील प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने, उत्सव मंडळाने, वाचनालयाने ब्राउझरमध्ये खुशाल लिहावे. मात्र वर्षअखेरीस प्रत्येक दस्तऐवज ओडीटी व पीडीएफ या दोन्ही स्वरूपांत उतरवून घ्यावा. प्रती दोन निरनिराळ्या व्यक्तींकडे असाव्यात. संस्थेचे खाते एकट्या सचिवाच्या नावावर कदापि नसावे.

१२/ १८९३ मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, ते मराठी ग्रंथ जतन करणे हे आपलेच काम आहे, असे मराठी वाचकांना वाटले म्हणून. उद्याचा संशोधक आपल्या काळाची साधने शोधेल, तेव्हा त्याला ‘हे खाते अस्तित्वात नाही’ एवढेच वाक्य सापडले, तर दोष तंत्रज्ञानाचा नसेल. ज्यांनी नक्कल करून ठेवली नाही, त्या आपला असेल.

धागा समाप्त. वाचून झाला असेल, तर आजच एक तरी दस्तऐवज उतरवून घ्या.