जुन्या सायकलीचें सोंवळें

इटलींतील जुन्या पोलादी शर्यतीच्या सायकलींभोंवतीं गेल्या कांहीं वर्षांत जो एक संप्रदाय उभा राहिला आहे, त्याची भक्ति खरी असली तरी त्याचें शास्त्र खोटें आहे, असें आमचें मत आहे; आणि तें येथें सकारण मांडावयाचें आहे. या संप्रदायाचा मुख्य सिद्धान्त असा, कीं फ्रेम १९७५ सालची असेल तर तिच्यावरील ब्रेक, गियर, क्रँक, पायडलें, फार काय पण हँडलावर गुंडाळावयाची पट्टीसुद्धां त्याच सालची पाहिजे; आजच्या काळचा एखादा भाग जरी तिला लागला तरी ती सायकल विटाळली! आपल्या स्वयंपाकघरांतून जें सोंवळें मोठ्या प्रयासानें बाहेर पडलें, तें आतां सायकलीच्या दुकानांत जाऊन बसलें आहे, हें पाहून हंसावें कीं रडावें तें कळत नाहीं.

हा वाद मूठभर हौशी लोकांचा. त्यांत सामान्य वाचकानें कां लक्ष घालावें, असें कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेंच, कीं वाद सायकलीचा असला तरी प्रश्न सायकलीपुरता नाहीं. पूर्वींच्या कारागिरांनीं वापरण्याकरितां घडविलेली वस्तु जतन करणें म्हणजे नेमकें काय करणें, हा तो प्रश्न आहे. आणि आजोबांचें घड्याळ, आजीचें जातें किंवा वाडवडिलांचा वाडा ज्यांच्या वांट्याला आला आहे, अशा प्रत्येक घरांत तो केव्हां ना केव्हां उपस्थित होतोच.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. मिलान शहर आणि त्याच्या आसपासचीं गांवें हें या कलेचें एक माहेरघर. अँजेलो लुइजी कोलंबो यानें १९१९ सालीं मिलान येथें जो नळ्यांचा कारखाना काढला, त्याच्याच नळ्या पुढें ‘कोलंबस’ या नांवानें प्रसिद्धीस आल्या. मिलानमधील व्हिगोरेल्ली या शर्यतीच्या मैदानाच्या आश्रयानें फालिएरो मासी, कांब्यागो गांवीं एर्नेस्तो कोल्नागो, कुझानो मिलानिनो येथें ऊगो दे रोझा, असे एकाहून एक कुशल कारागीर फ्रेमी झाळीत असत. फ्रेमची खालची मुख्य नळी २८.६ मिलिमीटर व्यासाची, कोलंबसच्या एस्. एल्. जातीच्या नळ्यांत पत्र्याची जाडी टोंकांना ०.९ आणि मध्यें अवघी ०.६ मिलिमीटर, म्हणजे आपल्या नखाहून फारशी अधिक नाहीं. अशा नळ्या ‘लग’ नांवाच्या कोंदणांत बसवून, पितळेच्या किंवा चांदीच्या झाळानें सांधे पक्के करावयाचे. आंच जास्त झाली तर नळी दुबळी झालीच म्हणून समजावें. कसब आहे तें येथें आहे. बाकीचे भाग कारखान्यांतून हजारोंनीं निघत. ते झिजावयाचे आणि बदलावयाचे, या समजुतीनेंच ते नटांनीं व स्क्रूंनीं बसविलेले होते.

शुद्धिवादी म्हणतात, फ्रेम आणि भाग असा भेद करूं नका. तीं एकाच देहाचीं अंगें आहेत. परंतु हा भेद आम्हीं केलेला नाहीं, धातूंच्या स्वभावानेंच केलेला आहे. पोलादाला विशिष्ट मर्यादेच्या आंतील ताण लक्षावधि वेळां दिला तरी तें थकत नाहीं. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादाच नाहीं. लहानसहान हिसक्यांचाही हिशेब तें मनांत ठेवतें आणि एके दिवशीं एकदम वसूल करतें. म्हणून न गंजलेली, न चेपलेली पोलादी फ्रेम पन्नास वर्षांनींही निरोगी असूं शकते. आणि तिच्यावरील तितक्याच वयाचें हँडल वरून आरशासारखें चकाकत असतांना आंतून चिरलेलें असूं शकतें. कँपान्योलोच्या जुन्या क्रँकच्या मुळाशीं, जेथें दांतेरी चक्र धरणारे पाय फुटतात तेथें, केसासारखी चीर पडते, हें जुन्या सायकली दुरुस्त करणाऱ्यांना चांगलें ठाऊक आहे. ताशीं साठ किलोमीटर वेगानें घाट उतरतांना हातांतलें हँडल तुटलें, तर ‘तें अस्सल होतें’ एवढ्या विचारानें पडणाऱ्याचें समाधान होणार आहे काय?

शास्त्र बाजूस ठेवून इतिहासाकडे पाहिलें, तरीही या पक्षाची बाजू लंगडीच ठरते. ज्यांच्या नांवाचा हे लोक जप करतात, ते स्वतः नव्याचे वेडे होते. तुल्लिओ कँपान्योलो याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. १९२७ सालीं एका शर्यतींत बर्फानें बोटें गारठल्यामुळें त्याला चाकाचे नट सोडतां येईनात. त्या चिडीतून चाक एका झटक्यांत मोकळें करणारा खटका त्याला सुचला, असें सांगतात. विचेंझा येथील त्याचा कारखाना १९३३ सालचा. जुनें तेंच पवित्र असें या गृहस्थानें मानलें असतें तर तो नट पिळीतच बसला असता, आणि शुद्धिवाद्यांना आज पूजा करावयास दैवतच उरलें नसतें. १९४९ सालीं फाउस्तो कोप्पी यानें फ्रान्सची प्रदक्षिणा-शर्यत जिंकली ती बिआंकी या अस्सल इटालियन सायकलीवर. परंतु तिचे गियर बदलणारें यंत्र सिंप्लेक्स या फ्रेंच कंपनीचें होतें. जें चांगलें चालतें तें लावावें, हाच त्या वीरांचा धर्म होता.

या सोंवळ्याचें फळ काय मिळतें, याचा एक धडधडीत दाखला खेळाच्या इतिहासांतच आहे. २५ ऑक्टोबर १९७२ रोजीं मेक्सिको शहरीं एडी मर्क्स यानें एका तासांत ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडलें. त्याची सायकल कोल्नागोनें घडविली होती. तिचें वजन पावणेसहा किलोच्या आसपास. तें कमी करण्यासाठीं भागांना भोंकें पाडलेलीं. हँडलाचा दांडा टायटॅनियमचा. म्हणजे त्या सालीं जितकें नवें करतां येण्याजोगें होतें तितकें तिच्यांत केलेलें होतें. १९८४ सालीं त्याच शहरीं फ्रांचेस्को मोझेर या इटालियन वीरानें भरीव चकत्यांचीं चाकें लावून ५१.१५१ किलोमीटरचा पल्ला गांठला. पुढें २००० सालीं आंतरराष्ट्रीय सायकल-संघटनेला सोंवळें आठवलें! तासाचा विक्रम मर्क्सच्या धर्तीच्या सायकलीवरच झाला पाहिजे, असें तिनें ठरविलें, आणि मोझेर व त्याच्या नंतरचे विक्रमवीर यांना वेगळ्या पंक्तीला बसविलें. काल जें सर्वांत नवें होतें तेंच आज सनातन ठरलें! परिणाम काय झाला? पुढील चौदा वर्षांत पुरुषांचा तो विक्रम अवघ्या दोघांनीं मोडला. २०१४ सालीं निर्बंध उठला. आणि त्या सप्टेंबरपासून पुढच्या जूनपर्यंत, नऊ महिन्यांच्या आंत, तो एकामागून एक पांच जणांनीं मोडला. निर्बंधानें परंपरेचें रक्षण झालें नाहीं. ती नुसती गोठली.

येथें प्रतिपक्षास न्यायही दिला पाहिजे. तुस्कनींतील गायोले-इन-कियांती या गांवीं जियांकार्लो ब्रोच्ची यानें १९९७ सालीं ‘लेरोइका’ नांवाची सायकल-यात्रा सुरू केली. सायकल १९८७ पूर्वींच्या घडणीची, गियरचे खटके खालच्या नळीवर, पायडलांना पट्टे, ब्रेकच्या तारा उघड्या, असे तिचे नियम. त्या भागांतील पांढऱ्या खडीचे जुने रस्ते डांबराखालीं जाऊं नयेत, हा तिच्यामागील एक स्तुत्य हेतु. या नियमांविरुद्ध आमची कांहींएक तक्रार नाहीं. नाटकांत राजाचें काम करणाऱ्यानें जरीचा अंगरखा अवश्य घालावा. पण तोच अंगरखा घालून त्यानें रोज मंडईंत जावें, आणि तो न घालणाऱ्या शेजाऱ्याला नांवें ठेवावीं, हें कोठलें शहाणपण? उत्सवाचा नियम हा बारा महिन्यांचा धर्म होऊं शकत नाहीं.

आतां सायकलीवर बसणाऱ्या माणसाकडे वळूं. कँपान्योलोच्या त्या काळच्या शर्यतीच्या क्रँकवर ४१ दांतांहून लहान चक्र बसतच नसे, बहुधा ४२ दांतांचें असे; आणि मागें फार तर २४ किंवा २६ दांत. या जोडीनें पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें साडेतीन मीटर पुढें जाते. विशींतील शर्यतपटूला तें ठीक. पन्नाशी उलटलेल्या व गुडघे कुरकुरणाऱ्या गृहस्थाला मात्र त्याच चढावर खालीं उतरून सायकल ढकलावी लागते. आजच्या क्रँकवरील ३४ दांत आणि मागील ३२ दांत यांच्या जोडीनें तोच फेरा सव्वादोन मीटरांवर येतो, आणि तोच चढ बसल्या बैठकीनें चढतां येतो. फ्रेम घडविणाऱ्याची इच्छा माणसानें तिच्यावर बसावें अशी होती, कीं ती भिंतीवर टांगून तिच्याकडे पाहत उसासे टाकावे अशी होती?

शिवाय हें सोंवळें गरिबाला परवडणारें नाहीं. कँपान्योलोनें १९८३ सालीं कारखान्याच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त भागांचा एक खास संच पेटींत घालून विकावयास काढला. असले संच जितके न वापरलेले, तितका त्यांचा भाव अधिक. न वापरलेपणालाच जेथें मोल येतें, तो बाजार कारागिरीचा नव्हे, सांठेबाजीचा होय. रंग खरवडलेली पण सरळ अशी एखादी जुनी फ्रेम विद्यार्थ्याच्याही आटोक्यांत येऊं शकते. तिला आजचे साधे, मध्यम किंमतीचे भाग लावून तो रस्त्यावर येतो. ‘आधीं त्या सालचे ब्रेक मिळव, मग आमच्यांत ये’ असें त्याला सांगणें म्हणजे देवळाच्या दारांतूनच त्याला परत पाठविणें आहे.

शुद्धिवाद्यांचा एकच आक्षेप खरोखर वजनदार आहे. तो सौंदर्याचा आणि पुराव्याचा. सडपातळ नळ्यांच्या फ्रेमला जाडजूड काळी क्रँक आणि रुंद काळीं चाकें जोडलीं, कीं पैठणीखालीं गमबूट घालावे तशी ती सायकल दिसते, हें आम्हांस मान्य आहे. कोणत्या सालीं कोणत्या सायकलीला काय लागत असे, ही माहिती मूळ भागांबरोबर नाहींशी होते, हेंही खरें. परंतु रुपेरी, बारीक बांध्याचे भाग शोधले तर आजही सांपडतात. ते न शोधणें हा निवडणाराचा दोष आहे, तत्त्वाचा नव्हे. आणि काढलेले मूळ भाग फेकून द्यावे असें कोणी सांगितलें? ते पुसून, तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटींत ठेवावे. मर्क्सची ती मेक्सिकोची सायकल कोणी नव्या गियरांनीं सजवूं म्हणेल, तर त्याला आडवे होणाऱ्यांत आम्ही पहिले असूं. परंतु प्रत्येक जुनी फ्रेम मर्क्सची नसते.

इमारतींच्या बाबतींत हाच वाद युरोपांत फार दिवस चालला. जीर्णोद्धार म्हणजे विध्वंसच, असें रस्किनचें म्हणणें. पुढें १९६४ सालीं खुद्द इटलींत, व्हेनिस येथें, स्मारकांच्या रक्षणाची जी सनद तयार झाली, तिचा इत्यर्थ असा: वास्तु समाजाच्या उपयोगांत असणें तिच्या जतनास पोषकच असतें, मात्र त्या उपयोगासाठीं तिची मांडणी वा शोभा बदलूं नये, आणि नवें जें घालावें तें जुन्याशीं जुळावें, तरी नवें म्हणून ओळखूंही यावें. या कसोटीस रुपेरी नवी क्रँक पुरेपूर उतरते. जुना भासावा म्हणून मुद्दाम मळविलेला नवा भाग मात्र उतरत नाहीं.

हें वाचून दुसऱ्या टोंकाच्या मंडळींनीं टाळ्या पिटूं नयेत. डिस्क ब्रेकसाठीं जुन्या चिमट्याला कान झाळणारे, विजेच्या गियरची तार आंत घालण्यासाठीं ०.६ मिलिमीटरच्या नळीला भोंक पाडणारे, रुंद टायर मावावा म्हणून कानस चालविणारे, आणि लगांच्या रेखीव कडा जाड रंगाखालीं पुरणारे, यांना आम्ही आधुनिक म्हणत नाहीं. ते नुसते आडदांड होत. आमचा नियम सोपा आहे: जें पुन्हां काढतां येईल तें खुशाल लावावें, जें पुन्हां भरून येणार नाहीं तें कापूं नये.

हा नियम हातीं धरला म्हणजे बहुतेक शंका आपोआप सुटतात. इटालियन फ्रेममध्यें पायडलांचा आंस बसण्याची नळी ७० मिलिमीटर रुंद, आणि तिचे आटे ३६ मिलिमीटरांचे असतात; त्या मापाचे नवे आंस मिळतात, तेच आणावे, दुसऱ्या मापाचा आंस ठोकून बसवूं नये. इंग्रजी नळीचे आटे गेले तर ती कोरून तींत इटालियन माप पाडतां येतें. इटालियन नळीला अशी पुढची पायरी नाहीं. मागील चाकाची जागा १२६ मिलिमीटर असेल आणि नव्या चाकाला १३० लागत असतील, तर दोन्ही बाजूंस दोन दोन मिलिमीटर जाणत्या कारागिराकडून थंडपणींच वाकवून घ्यावे. पोलाद तितकें सोसतें आणि परतही येतें. १२० मिलिमीटरांच्या फ्रेमची मात्र अशी ओढाताण करूं नये. गंमत अशी, कीं शुद्धिवाद्यांना ज्याचा सर्वांत तिटकारा, तो अमेरिकेच्या स्रॅम कंपनीनें २०१५ सालीं पुढें आणलेला बिनतारी गियरच फ्रेमला सर्वांत कमी उपद्रव देतो. त्याला तार नाहीं, म्हणून भोंक नाहीं. एका संध्याकाळीं तो उतरविला कीं फ्रेम जशीच्या तशी.

ऊगो दे रोझा २०२३ सालीं निवर्तला. ती पिढी मावळत आहे, आणि तिच्या हातच्या फ्रेमी आतां वाढावयाच्या नाहींत. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करतात तो तेथें पुन्हां दिवा लागावा, माणसें यावीं, म्हणून. मूळचें तेल आणि मूळची वात मिळेपर्यंत गाभारा अंधारांत ठेवावा, असें कोणीही म्हणत नाहीं. आमच्या प्रतिपक्षानें आम्हांस खुशाल भ्रष्ट म्हणावें. फक्त त्याआधीं एका प्रश्नाचें उत्तर द्यावें: त्यांच्या भिंतीवरची ती सोंवळी सायकल शेवटची रस्त्यावर केव्हां आली, आणि किती किलोमीटर चालली?