स्तंभालेखातला डेसिबल

इंग्रजीच्या पेपरात ध्वनिप्रदूषणाचा स्तंभालेख येतो. समजा, निवासी भाग ५५ डेसिबल, औद्योगिक ७५. म्हणजे २००० च्या नियमांतल्या दिवसाच्या मर्यादाच. विद्यार्थी लिहितो, ‘औद्योगिक भागात आवाज थोडा जास्त आहे.’ व्याकरण बिनचूक, पण विज्ञान चुकले. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. वीसच्या फरकाला शंभरपट! (कानाला ती चौपटीच्या आसपास भासते, आणि फसगत तिथेच होते.) ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करता येते, असे मानतात, ८८ ला चारच. स्तंभ जेमतेम बोटभर वाढतो, वेळ मात्र निम्मी होते. अंतःकर्णातल्या केशपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या परीक्षार्थीला हे कोण सांगणार? पेपर काढणाऱ्याने आलेखाखाली एक ओळ तरी छापावी.