पाळीवरून पाहिलेलं घरटं

आमच्या लाखनीच्या आसपास तलाव फार. भंडारा जिल्हाच मुळी तलावांचा! त्यातले कितीतरी तलाव कोहळी समाजातल्या जाणत्या माणसांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधले. लहान तलावाला आमच्याकडे बोडी म्हणतात. अशीच एक बोडी माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे.

फेब्रुवारीतली गोष्ट. बांधीत धानानंतरची लाखोरी उभी होती. वरून मोठी शिट्टी ऐकू आली. मी म्हणालो, "घार दिसते."

चौथीतला एक मुलगा लगेच म्हणाला, "घार नाही होय जी, गुरुजी! शेपटी पाहा ना!"

खरंच की! घारीच्या शेपटीला टोकाशी खाच असते. याची शेपटी पंख्यासारखी गोल, काळी, मधे रुंद पांढरा पट्टा. पंखांखालीही तसाच पट्टा. तो होता सर्पगरुड. साप, सरडे, बेडूक हे त्याचं जेवण. डोक्यामागे काळा-पांढरा तुरा, डोळ्यांजवळ पिवळी कातडी. पायांवर मात्र पिसं नाहीत, नुसते खवले.

काही दिवसांनी जोडी दिसली. बोडीकाठच्या उंच कहूच्या झाडावर, म्हणजे अर्जुनाच्या झाडावर, काटक्या रचणं चाललं होतं. मध्येच हिरवी पानांची डहाळीही यायची. तो घरट्याचा बिछाना बरं का!

मग माझ्या हातून चूक झाली. उत्साहाच्या भरात मी अख्खा वर्ग थेट झाडाखाली नेला. मादी उडाली. डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, पण खाली येईना. तेवढ्यात शेजारच्या फांदीवर दोन कावळे येऊन बसले. माझ्या पोटात धस्स झालं. सर्पगरुड एका वेळी एकच अंडं घालतो. ते गेलं, तर त्या जोडीचं वर्ष वाया जाऊ शकतं!

तोच मुलगा हळूच म्हणाला, "चला जी गुरुजी, तिला घरी येऊ द्या."

आम्ही निमूटपणे पाळीवर गेलो. बऱ्याच वेळाने मादी परतली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी वर्गाने नियम केला. पाहायचं ते पाळीवरूनच, बोलायचं ते कुजबुजत आणि दिसेल ते वहीत लिहायचं. घरट्याला हात लावणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही गुन्हा आहे. पण आम्हांला कायद्याआधी त्या मादीनेच शिकवलं.

अंडं उबायला सुमारे चाळीस दिवस लागतात. मादी बहुतेक वेळ बसून राहायची, नर खाणं आणायचा. एप्रिलमध्ये घरट्यात मऊ पिसांचा एक गोळा हलताना दिसला. एकदा नर साप घेऊन आला, तेव्हा सापाची शेपटी चोचीबाहेर लोंबत होती. त्या दिवशी वहीत सगळ्यांनी एकच चित्र काढलं!

पुढे उन्हाळ्याची सुट्टी लागली, तरी दोन-तीन मुलं रोज पाळीवर जायची. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर एका सकाळी माझ्या दारात आरोळी आली, "गुरुजी, उडलं जी!"

मित्रांनो, तुमच्याही गावात एखाद्या झाडावर घरटं असेल. जरूर पाहा, पण लांबून. आपण थोडं मागे सरकलो, तरच त्यांचं घर पुढे चालतं.