तान्ह्या बाळाचें पडसें

गेल्या श्रावणांत आमच्या बोईसरच्या घरीं दहा आठवड्यांच्या नातीला पडसें झालें. नाक चोंदलें, अंगावर पितांना ती वारंवार तोंड सोडून रडूं लागली आणि तिन्हीसांजेला अंग कढत लागलें. सौभाग्यवतींनीं धुरीसाठीं निखारे फुलविले. मींही, जन्मभर मुलें शिकविल्याच्या भरंवशावर, 'पडशाचाच ताप, तीन दिवसांनीं उतरेल,' असा निर्वाळा देऊन मोकळा झालों. सूनबाईनें मात्र काखेंत तापमापक लावला, १००.६ अंश भरले. "मामंजी, तीन महिन्यांच्या आंतल्या मुलाला १००.४ किंवा वर ताप असेल तर वाट पाहावयाची नसते," असें म्हणून तिनें मुलीला दुपट्यांत घेतलें आणि भर पावसांत आम्ही पालघरला बालरोगतज्ज्ञांकडे गेलों.

इतक्या कोवळ्या वयांत रक्ताचा, मूत्रमार्गाचा किंवा मेंदूच्या आवरणाचा जंतुदोषही केवळ तापाच्या रूपानें प्रकट होऊं शकतो. रक्त व लघवी तपासली, दोन दिवस ठेवून घेतलें, आणि शेवटीं पडसेंच ठरलें. माझें म्हणणें खरें निघालें, पण तें योगायोगानें! हें दवाखान्याच्या बांकावर बसल्याबसल्या मला उमगलें.

घरीं येऊन कश्यपसंहिता काढली. नेपाळांतील पोथीवरून १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें ती छापली. तींतला वेदनाध्याय बोलतां न येणाऱ्या बाळाचें दुखणें त्याच्या चेष्टांवरून ओळखावयास शिकवितो: कान दुखत असतां मूल हातांनीं कान चांचपतें, डोकें दुखत असतां तें इकडेतिकडे फिरवितें. मीं हा अध्याय पूर्वीं वाचला होता. नातीकडे पाहावयाचें तेवढें राहिलें.

साध्या पडशाला औषध जवळजवळ नाहींच. थोडेंथोडें परंतु वारंवार अंगावर पाजावें. पाजण्यापूर्वीं औषधाच्या दुकानांत मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब नाकांत सोडावे. धुरानें सुजलेला श्वासमार्ग अधिकच चिडतो. नाकांत तेल सोडण्याची आपल्याकडील चाल तर मोडलीच पाहिजे. तें फुप्फुसांत उतरतें. वर्षाच्या आंत मध चाटवूं नये, त्यांतील जंतूंचीं बीजें बाळाच्या आंतड्यांत रुजून विष तयार करूं शकतात. पॅरासिटामॉल वैद्यांनीं वजन पाहून सांगितलें तरच द्यावें, ॲस्पिरिन नाहींच. खोकल्याचीं पातळ औषधें दोन वर्षांच्या आंतल्या मुलांना देऊं नयेत, असें केंद्र सरकारच्या आरोग्यखात्यानें ऑक्टोबर २०२५ मध्यें बजाविलें. त्याच सुमारास मध्य प्रदेशांतील छिंदवाड्याकडचीं कित्येक मुलें दूषित औषधानें दगावलीं; त्यांतील कांहीं उपचारांसाठीं आपल्या नागपुरांत आणलेलीं होतीं.

सूनबाईनें मला श्वास मोजावयास शिकविलें. मूल शांत असतां छाती उघडी करून घड्याळाचें पुरतें एक मिनिट मोजावें. दोन महिन्यांच्या आंत ६० वा अधिक, पुढें वर्षापर्यंत ५० वा अधिक श्वास भरले, बरगड्यांखालीं खळगा पडूं लागला, ओठ निळसर दिसले, किंवा मूल पिईनासें व सुस्त झालें, तर उजाडण्याची वाट पाहूं नये, रात्रींच निघावें.