मिठू, विठू आणि कणसावरचा राघू



पिंजऱ्याशी उभे राहून 'मिठू, मिठू' असे आपणच शंभर वेळा म्हणतो. मग पोपटाने तेच म्हटले की पोरे टाळ्या पिटतात, "बघा, नाव सांगितलं!" रानातला पोपट मिठू म्हणत नाही. तो कर्कश ओरडतो, एवढेच.

मिठू म्हणजे गोड बोलणारा. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत असलेल्या आपल्या भागात 'मियाँ मिठ्ठू' हेही कानावर येते. म्हणजे स्वतःचीच तारीफ करणारा. (असे मिठ्ठू प्रत्येक गावात एक-दोन असतातच!) काही घरांत मिठूचा विठू होतो. नामदेवांच्या नर्सीला जाणाऱ्या आपल्या हिंगोलीच्या मुलखात त्याचे नवल नाही. पण खरा मायेचा शब्द राघू. जात्यावरच्या ओव्यांत आई राघू म्हणते ते लेकाला आणि मैना म्हणते ती लेकीला. वेडा राघू मात्र पोपट नव्हे. तारेवर बसून उडते किडे टिपणारा तो लहानगा हिरवा पक्षी वेगळाच.

हाच लाडका राघू ज्वारी हुरड्यात आली की थव्याने उतरतो. खातो थोडे, तोडून टाकतो फार. सूर्यफुलाचीही तीच गत. दाणा दुधात असल्यापासून सकाळ-संध्याकाळ राखण ठेवा, थवे त्याच वेळी येतात. पिकावर चमकणाऱ्या फिती ताणा. बुजगावणे दोन-तीन दिवसांनी हलवा, नाहीतर पाखरे त्याच्याच डोक्यावर बसतात. विष मात्र घालू नका, तो गुन्हा आहे.

आणि माय-बहिणींनो, पिंजराही गुन्ह्यातच येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपला देशी पोपट पकडणे, विकणे, पाळणे मना आहे. बाजारातले पिल्लू ढोलीतून ओरबाडून आणलेले असते. घरात पोपट असेल तर घाबरून एकदम सोडून देऊ नका. पंख छाटलेला, हातचे खाणारा पक्षी मांजराच्या तोंडी जातो. वन विभागाच्या जवळच्या कार्यालयात कळवा, ते नीट सोय लावतात.

पोरांना राघू दाखवायचाच असेल तर हिवाळा सरताना बांधावरच्या जुन्या झाडाची ढोली लांबून दाखवा. गळ्याला काळा-गुलाबी कंठ असेल तो नर. मादीला कंठ नसतो, आणि दोन-तीन वर्षांचा होईपर्यंत नरालाही नसतो.